चाचांचे थांबे

चाचा गाडीला हात लावायचे तो उलट्या हाताने. लेकराचं कपाळ तापलंय का हे आई पाहते, तसा. घाटात गाडी थांबली की ते आधी चाकांना दगड लावायचे, मग सीटखालचा पोत्याचा तुकडा काढून रस्त्यावर अंथरायचे आणि साठी उलटलेलं आपलं शरीर अलगद गाडीखाली सरकवायचे. थोडा वेळ त्यांच्या चपला तेवढ्या दिसायच्या. मग खालून आवाज यायचा, "कोमट हाय." किंवा, "ताप हाय." तिसरा शब्द ते क्वचित वापरायचे. "वात झाला इले." तापात माणूस बरळायला लागतं, तसं. तो शब्द आला की समजायचं, आता अर्धा तास इथेच.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. नर्सिंगचा कोर्स करून अकोल्याहून परतवाड्याला आले होते, एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्यात. ती वर्षं वऱ्हाडात कुणालाच चांगली आठवत नाहीत. खाली सपाटीवर कपाशीने माणसं मोडली होती आणि वर मेळघाटात लेकरं वाळत होती. दोन्ही पाहायला लांबलांबून लोक येत. त्यातल्याच कुणाच्या तरी मनात दया आली आणि परदेशातून एक जुनी, उंच, पांढरी गाडी आमच्या संस्थेला भेट मिळाली. दगडाधोंड्यातून, ओढ्यातून जाणारी. चारही चाकं ओढणारी. फक्त तिला क्लच नव्हता.

साध्या जीपमध्ये ड्रायव्हर पायाने आणि हाताने गिअर बदलतो. हिच्यात ते काम तेल करायचं, लालभडक तेल, डाळिंबाच्या रसासारखं. इंजिन ते तेल घुसळतं, घुसळलेलं तेल गाडी ओढतं, असं मला चाचांनी समजावलं होतं. सपाटीवर सगळं छान चालायचं. लांब चढ लागला, त्यात गाडी भरलेली असली आणि वेग पायी चालण्याइतका उतरला, की तेल नुसतंच घुसळत राही आणि तापे. "ताक घुसळून घुसळून लोणी येते. हे घुसळलं तं आग येते," चाचा म्हणत. त्यांच्या आधीच्या दोन ड्रायव्हरांनी त्या आगीत हात शेकून घेतले होते. दुसऱ्याने तर गिअरबॉक्सच्या तापलेल्या डब्यावर ओढ्याचं गार पाणी ओतलं. मग गाडी चार महिने पडून होती.

तेव्हा चाचांना कुणीतरी बोलावून आणलं. ते अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत जन्मभर मशीनमिस्तरी होते. जिनिंग बंद पडलं तसे आपल्या गावी, परतवाड्याला परत आले आणि घाटात चालणाऱ्या वडाप जिपा दुरुस्त करू लागले. बिनाक्लचची गाडी त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. त्यांनी गिअरबॉक्स काढून घरी नेला, अंगणात धुतलेली पांढरी चादर अंथरली आणि एकेक पुर्जा काढून तिच्यावर ओळीने मांडला. महिनाभर ते त्या चादरीभोवती उकिडवे बसून होते. चाची सांगायच्या, "शादीत दहेज मांडते ना, तसं मांडलं होतं. मी झाडू मारायले गेली तं मले म्हने, चप्पल काढून ये." महिन्यानंतर त्यांनी सगळं पुन्हा जोडलं. एक वॉशर उरला. तो त्यांनी दोऱ्यात ओवून गाडीच्या आरशाला बांधला आणि संस्थेच्या साहेबांना सांगितलं, "गाडी चालीन. पण माह्या हिशोबानं चालीन."

पहिल्याच दिवशी आमचं भांडण झालं.

माझ्या मांडीवर लशीचा डबा होता. आत बर्फाच्या चार पेट्या आणि मध्ये गोवराच्या लशीच्या कुप्या. त्या काळात आमच्याकडे लोडशेडिंग दिवसाला बारा-बारा तास. फ्रीजमध्ये बर्फ जमेपर्यंत लाइट जायची. त्यामुळे डब्यातली थंडी म्हणजे माझ्यासाठी हातात धरलेलं पाणी. आणि हा म्हातारा पहिल्या चढालाच गाडी बाजूला घेऊन शांतपणे पोतं अंथरतोय!

"चाचा, किती वेळ?"

"जितका लागीन तितका."

"माझा बर्फ वितळून राहिला."

"अन् माहं तेल उकळून राहिलं," खालून आवाज आला.

"निदान इंजिन तरी बंद करा! उगाच डिझेल जळतंय."

ते बाहेर आले. पोतं झटकत त्यांनी विचारलं, "शेतकऱ्याची पोरगी आहे ना तू?"

"हो."

"धाप लागलेला बैल तुहा बाप एकदम बसवते काय?"

वडील तसं कधीच करत नसत. गाडी ओढून आलेल्या बैलांना जू उतरवून ते आधी हळूहळू फिरवत, मगच गोठ्यात बांधत.

"भार काढाचा. चाल नाही थांबवाची," चाचा म्हणाले. "इंजिन चालू हाय तवर तेल फिरून राहिलं. फिरता फिरता थंडं होते. बंद केलं का जागच्या जागी जळते." मग त्यांनी माझ्या मांडीवरचा डबा उचलला, एका मोहाच्या झाडाच्या गर्द सावलीत ठेवला, त्यावर आपला ओला रुमाल टाकला आणि म्हणाले, "आता तुहाबी डबा बसला अन् माहाबी बसला. आपूनबी बसू."

आम्ही बसलो.

ते बसणं मला आज जितकं स्वच्छ आठवतं तितकं त्या वर्षांतलं दुसरं काही आठवत नाही. दर आठवड्याला आम्ही घाट चढायचो आणि दर वेळी पाच ठिकाणी थांबायचो. चाचांनी प्रत्येक थांब्याला नाव दिलं होतं. चहाचा थांबा, आवळ्याचा थांबा, ढगाचा थांबा. एक होता मुका थांबा. तिथे रस्त्याच्या कडेला खोल दरी होती आणि पलीकडे सागाचं जंगल एकावर एक टेकड्या चढत आभाळात विरून जायचं. तिथे चाचा बोलत नसत आणि बोलू देत नसत. आमच्या दवाखान्याचे डॉक्टरसाहेब एकदा तिथे फोनला रेंज येते का पाहत मोठ्याने बोलू लागले, तर चाचांनी ओठांवर बोट ठेवलं. डॉक्टर चक्क गप्प बसले. मागे गाडी रिकाम्या गिअरात घुरघुरत असायची, म्हातारी मांजर झोपेत घुरघुरते तशी. उन्हाळ्यात सागाची मोठाली वाळली पानं आपोआप गळायची. एक पान झाडावरून सुटून जमिनीला लागेपर्यंत किती वेळ लागतो हे मी तिथे पाहिलं. पुष्कळ वेळ लागतो. पावसाळ्यात दरीतून ढग वर यायचे, गाडीच्या चाकांमधून जायचे, आमच्या अंगावरून जायचे, आणि काही क्षण चाचा दिसेनासे व्हायचे. नुसता त्यांच्या विडीचा ठिपका दिसायचा.

मी घरून निघाले होते ती घरचा घोर घेऊन. आमच्या कोरडवाहू शेतात सलग तीन वर्षं कपाशी हाती आली नव्हती. भाऊ शिकत होता. घरात येणारा पगार माझा एकटीचा. आठवडाभर छातीत काहीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखं वाटायचं. त्या थांब्यांवर ते सैल व्हायचं. मी ते कधी बोलून दाखवलं नाही. चाचांना ते कळत असावं, कारण एखाद्या दिवशी खालून "कोमट हाय" असा आवाज आला तरी ते म्हणायचे, "बस अजून पाच मिनिट. गाडी तयार हाय, तू नाही."

त्यांच्या तेल पाहण्याच्या पद्धतीवरून परतवाड्यातले जीपवाले त्यांची खूप टिंगल करत. चाचा तेलाची सळई बाहेर काढून तिच्या टोकावरचा एक थेंब पांढऱ्या कापडाच्या चौकोनी तुकड्यावर टाकायचे. थेंब हळूहळू पसरायचा. गुलाबी पसरला तर तेल निरोगी. विटकरी झाला तर थकलेलं. मधे काळा ठिपका राहिला आणि कापडाला करपलेल्या गुळासारखा वास आला, तर आत काहीतरी जळतंय. हे तुकडे, त्यांच्या भाषेत 'रुमाल', ते टाकत नसत. घराच्या ओसरीवरच्या भिंतीला टाचणीने लावून ठेवायचे. ती भिंत मी पाहिली आहे. शंभरेक पांढरे चौकोन आणि प्रत्येकावर एकेक गुलाबी, तांबूस, विटकरी फूल. चाचांना लिहिता-वाचता बेताचंच येई, पण कोणतं फूल कोणत्या चढाचं हे ते न चुकता सांगत. "हे पाय, हे त्या दिवसाचं. ते गरोदर बाई खाली आणली होती आपून. कसं निर्मळ पडलं!"

एकदा मी त्यांना लशीच्या कुपीवरचा छोटा चौकोन दाखवला. औषधाला उष्णता लागली की तो चौकोन काळा पडत जातो. आजूबाजूच्या गोलाइतका गडद झाला की औषध फेकायचं. चाचांनी चश्मा पुसून तो बराच वेळ न्याहाळला. "म्हंजे तुमच्या दवाईचाबी रुमाल असते म्हना की," ते म्हणाले. त्या दिवसापासून माझ्या डब्याशी त्यांचं वागणं बदललं. घाटात थांबलो की आधी सावली शोधायची डब्यासाठी, मग स्वतःसाठी.

त्यांची एक गोष्ट परतवाड्यात अजून सांगतात. तिचा शेवट मात्र मी सांगते तसाच आहे, कारण मी तिथे होते.

त्या वर्षांत साहेब लोक फार येत. कुणी समितीचे, कुणी अभ्यास करणारे. सकाळी मोर्शीकडच्या वाळलेल्या संत्राबागा पाहायच्या, दुपारी कपाशीची उभी जळलेली शेतं पाहायची आणि संध्याकाळच्या आत चिखलदऱ्याला मुक्कामाला पोहोचायचं. चाचा म्हणत, "दुःख पायाले आले अन् थंडी हवा खायाले चालले." त्यांच्या गाड्या नव्या, भारी आणि पुष्कळदा बिनाक्लचच्या. शहरातले ड्रायव्हर घाटात गाडी दामटवत आणि दोन-चार वळणांनंतर गाडी हंबरडा फोडून थांबे. मग कुणीतरी चाचांचं नाव सांगे.

त्या दिवशी आम्ही घाट उतरून पायथ्याच्या चहाच्या टपरीवर थांबलो होतो, तर दोन-चार वळणांवरून तापून परत उतरलेली एक काळी गाडी तिथे उभी. दोन साहेब आत काचा बंद करून बसलेले. एक वयस्क, एक तरुण. ड्रायव्हर हातापाया पडायला लागला. चाचा नेहमीसारखे गाडीखाली गेले, बाहेर आले, थेंब कापडावर टाकला आणि मान हलवली.

"दोन तास लागतीन."

"दोन तास?" तरुण साहेब काच खाली करून ओरडले. "आम्हाला वर मीटिंग आहे."

"मंग न्या. रस्त्यात जळीन. जंगलात जाग्यावर बसा लागीन."

साहेब उतरले. एसी चाचांनी बंद करायला लावला, मग आत बसणार कसे? टपरीवर एकच बाकडं. टपरी चालवणारी मावशी खालच्या सपाटीवरची, अंजनगावकडची. तिने बाकडं पदराने पुसलं. वयस्क साहेबांनी बूट काढले, मोजे काढले, पाय मातीवर ठेवले. मग काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, "मावशी, शेती आहे का?"

"होती. आता चहा हाय."

एवढंच बोलून ती थांबली असती. पण साहेबांना जायला वाट नव्हती आणि तिला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. हळूहळू ती बोलू लागली. कपाशी वेचताना बोटांची कातडी कशी फाटते, हे तिने हात पुढे करून दाखवलं. नवरा कसा गेला हे तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. तो काय खायचा ते सांगितलं. ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी. वर कच्चं तेल लागायचं त्याला, त्याशिवाय घास उतरायचा नाही. "अजूनबी अंबाडी निवडाले घेतली का दोन मुठी जास्त घेते मी," ती म्हणाली. तरुण साहेबांनी मोबाइल खिशात ठेवून दिला.

निघताना वयस्क साहेब म्हणाले, "मावशी, तुम्ही आज बरंच बोललात."

"तुमी बसले म्हनून," ती म्हणाली. "येतात लय जन. बसलं कोनी नाही."

काळी गाडी घाटात दिसेनाशी झाल्यावर मी चाचांना म्हटलं, "एवढी तापली होती?"

"गाडी तं अर्ध्या घंट्यात थंडी झाली होती," चाचा विडी शिलगावत म्हणाले. "सायेब थंडे व्हाले टाइम लागला."

त्यातून पुढे काय झालं, असं मला लोक विचारतात. काही झालं नाही. अहवालात मावशीचं नाव आलं असेल असंही मला वाटत नाही. पण वयस्क साहेब परतीच्या वाटेवर पुन्हा तिथे थांबले होते आणि त्यांनी चहा मागितला नाही, नुसते बसून गेले, असं मावशी सांगायची.

दुसऱ्या उन्हाळ्यात गाडी जास्त तापू लागली. चाचा अकोल्याच्या भंगारबाजारात दोन दिवस फिरून कुठल्याशा मोडक्या गाडीच्या एसीची जाळी घेऊन आले. तिच्यातून लाल तेल फिरवायचं आणि वारा लागून ते थंड करायचं, अशी त्यांची कल्पना. जाळी त्यांनी गाडीच्या तोंडाशी बसवली. तरी त्यांचं समाधान होईना. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन मला म्हणाले, "सिस्टर, तुमच्याकडं मुदत गेलेल्या सलाइनच्या बाटल्या असतीन ना?"

"असतात. का?"

"अन् ते नळीबी पायजे. थेंब थेंब सोडाची."

मी दिल्या. दुसऱ्या दिवशी पाहते तर जाळीपुढे घरच्या कूलरची वाळ्याची ताटी तारेने बांधलेली, टपावरच्या कॅरिअरला सलाइनची बाटली उलटी टांगलेली आणि तिची नळी ताटीवर सोडलेली. थेंब थेंब पाणी ताटीत मुरायचं आणि ओल्या वाळ्यातून गेलेला गार वारा तेलाला लागायचा. नळीचं चाक किती फिरवायचं हे मी ठरवायचे. उतारावर कमी थेंब, चढावर जास्त. "पेशंटची नाडी मी पायतो, सलाइन तू पाय," असं आमचं वाटप झालं. वैशाखाच्या त्या भाजणाऱ्या दुपारी आमची गाडी घाट चढायची तेव्हा सगळ्या घाटात ओल्या वाळ्याचा वास पसरायचा. बकऱ्या चारणारी कोरकू माणसं वळून पाहायची. एका म्हातारीने मला विचारलं, गाडीत कुणी नवरी आहे का? मला ते सगळं आता स्वप्नात पाहिल्यासारखं वाटतं. पण मुदत गेलेल्या सलाइनचा तो बॉक्स मी स्टोअरमधून लिहून घेतला होता, त्याअर्थी ते खरं होतं.

आता जे सांगायचं ते सांगते.

त्याच वैशाखातली गोष्ट. डोंगरावरच्या शेवटच्या गावात गोवर सुरू झाला होता. आधीच अंगावर मांस नसलेली लेकरं. गोवर म्हणजे त्यांच्या दाराशी आलेलं मरण. आजूबाजूच्या पाड्यांवर निरोप गेले होते, अमुक दिवशी सगळ्यांनी लेकरं घेऊन या. त्याच्या आदल्या दिवशी अकोल्याला मला पाहायला पाहुणे येणार होते. मी सकाळीच निघून गेले. बर्फाच्या पेट्या फ्रीजमध्ये होत्या. लाइट गेली तर त्या बर्फाच्या कारखान्यात नेऊन ठेवायच्या, हे माझं काम. मी कुणाला सांगून गेले नाही. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, मुलीला नोकरी आहे हे चांगलं म्हणाले, आणि मी बसमध्ये खिडकीशी बसून त्या मुलाचा चेहरा आठवत परतवाड्याला आले. सकाळी उठून पेट्या डब्यात भरल्या. वरून कडक लागल्या. मी दाबून पाहिल्या नाहीत.

डॉक्टर रजेवर होते. आम्ही दोघंच निघालो. तिसऱ्या थांब्यावर मी डबा सावलीत ठेवायला उचलला आणि आत पाणी हिंदकळलं.

उघडून पाहिलं. पेट्या मऊ पडल्या होत्या. थर्मामीटर सात अंशांच्या पुढे गेला होता. आठच्या वर गेला की सगळ्या कुप्या वाया. मी तिथेच रस्त्यावर बसले. चाचा गाडीखालून बाहेर आले.

"काय झालं?"

मी सगळं सांगितलं. पाहुणे, बस, लाइट, सगळं. रडत सांगितलं. परत फिरलो तर पुन्हा लस मिळायला आठवडा गेला असता, आणि पाड्यांवरून आलेली माणसं पुन्हा आली नसती.

चाचांनी माझं बोलणं मध्ये तोडलं नाही. मग विचारलं, "किती टाइम हाय?"

"तासभर. फार तर सव्वा तास."

वरच्या गावाला थांबत थांबत अजून अडीच तास लागत. चाचांनी वर रस्त्याकडे पाहिलं. मग ते गाडीच्या पुढच्या बाजूला गेले आणि बॉनेटवर उलटा हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. परत आले, चाकांखालचे दगड काढले.

"बस गाडीत. डब्यावर तुही ओढणी टाक, ओली कर. सलाइन पुरी सोड."

"चाचा, गिअरबॉक्स..."

"बस म्हनलं ना."

तो चढ मी कधी विसरणार नाही. त्यांनी गाडी सगळ्यात खालच्या गिअरात घातली आणि एकदाही थांबवली नाही. ढगाचा थांबा मागे गेला. मुका थांबा मागे गेला. चाचांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. सलाइनची बाटली संपली, मी खिडकीतून हात काढून दुसरी लावली, ती संपली. आधी वाळ्याचा वास येत होता. मग त्यात गूळ करपल्याचा वास मिसळला. मग फक्त करपलेलाच राहिला. शेवटच्या दोन वळणांवर इंजिन ओरडत होतं आणि गाडी जेमतेम सरकत होती. चाचा पुटपुटत होते. आधी मला वाटलं दुवा मागताहेत. मग ऐकू आलं, "थोडंसं माय, थोडंसंच." गाव समोर दिसत असताना, शे-दोनशे पावलांवर, गाडीने ओढणं सोडलं. इंजिन चालू, चाकं मेलेली.

"पळ," चाचा म्हणाले.

मी डबा छातीशी धरून पळाले. शाळेच्या व्हरांड्यात माणसं बसली होती. थर्मामीटर आठच्या किंचित खाली होता. कुपीवरचा चौकोन अजून पांढरा. डबा मटक्याखालच्या ओल्या वाळूत ठेवून, एकेक कुपी काढत मी सुया टोचत गेले. शेवटचं लेकरू झालं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मग मी वळून पाहिलं. चाचा गाडीजवळ दगडावर बसले होते. त्यांनी त्या दिवशी तेलाचा थेंब कापडावर घेतला नाही. गरजच नव्हती.

गाडी पुन्हा कधी चालली नाही. आतलं सगळं जळून एकजीव झालं होतं. अमरावतीहून संस्थेचे व्यवस्थापक आले. भला माणूस, पण परदेशातून भेट आलेल्या गाडीचं त्यांना वर उत्तर द्यायचं होतं. परतवाड्याच्या ऑफिसात त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"चाचा, तुम्ही दर चढाला थांबता. सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी का नाही थांबलात?"

खरं कारण एकच होतं आणि ते माझ्या नावावर होतं.

"इसरलो," चाचा म्हणाले.

व्यवस्थापकांनी पेन खाली ठेवलं. "विसरलात? तुम्ही?"

"उमर झाली साहेब. ध्यानातच नाही राहिलं."

ज्या माणसाला शंभर फुलं कोणत्या चढाची हे पाठ होतं, तो सांगत होता की थांबायचं विसरलो. व्यवस्थापकांनी माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर, तुम्ही आठवण नाही केलीत?"

मला बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मला घर दिसलं, भावाची फी दिसली, आणि मी म्हणाले, "माझं लक्ष डब्याकडे होतं."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं वाईट होतं.

चाचांना काढलं. त्यांनी ऑफिसात सलाम केला आणि सायकलवरून घरी गेले. ते पुन्हा जिपा दुरुस्त करू लागले. पण थांबायचं विसरला तो मिस्तरी म्हणून लोक त्यांच्याकडे घाटातली गाडी कमी आणू लागले. मी पंधरा दिवसांनी त्यांच्या घरी गेले. ते अंगणात एका ट्रॅक्टरच्या पंपाशी बसले होते. चाचींनी शरबत दिलं. मी म्हटलं, "चाचा, मी उद्या अमरावतीला जाते आणि साहेबांना खरं सांगते."

त्यांनी पाना बाजूला ठेवला. "कोनासाठी सांगशीन?"

"तुमच्यासाठी."

"माह्यासाठी नोको सांगू. मले काही तरास नाही. पोरं वाचले, मी घरी आहो, चाची खुश हाय." मग ते हसले. "तुले झोप येत नसंल तं जाऊन सांग. येत असंल तं राहू दे."

मी अमरावतीला गेले नाही. कारण खरं सांगायचं तर मला झोप येत होती. दिवसभर दुसऱ्या भाड्याच्या जीपमधून न थांबता घाट चढायचा-उतरायचा, आणि अंथरुणावर पडलं की डोळे मिटायचे. सकाळपर्यंत गाढ. पाहुण्यांकडचं स्थळ जमलं नाही, दोन वर्षांनी सरकारी नोकरी लागली, दुसरीकडे लग्न झालं, अमरावतीत घर झालं. चाचा गेल्याचं मला सहा महिन्यांनी कळलं, परतवाड्याच्या एका जीपवाल्याकडून. तो म्हणाला, "ते विसरभोळे मिस्तरी, ते वारले." मी त्याला दुरुस्त केलं नाही.

ते व्यवस्थापक निवृत्त होऊन अमरावतीतच राहतात. माझ्या घरापासून त्यांचं घर पायी वीस मिनिटांवर आहे. गेल्या वर्षापासून मला झोप येत नाही. हे सगळं लिहून काढलं आहे ते त्यांना वाचून दाखवायला. उद्या सकाळी ऊन चढायच्या आत जाणार आहे.